पडताळणी

मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात वर्षातून एकदा
मी पिशवी न घेता जातो.
हातात लाकडी पेटी, आत मखमलीत बसवलेली
पितळी वजनं, बाळाच्या दातांएवढ्यापासून
मुठीत न मावणाऱ्यापर्यंत.
काखेत पावतीपुस्तक, खिशात ठसा.
मागून कोंडिबा शिपाई, हातोडी घेऊन.

आम्ही कमानीखाली असतो
तोवर बातमी मटणगल्लीपर्यंत पोचलेली असते.
कोथिंबिरीवर पाणी मारणारा हात थांबतो.
"वजनमाप आलं बघ," कुणीतरी म्हणतं.
सव्वीस वर्षं झाली, मला इथं दुसरं नाव नाही.

वरचं घड्याळ चार मिनिटं पुढं आहे.
ते माझ्या खात्यात येत नाही.

आदगोंडा मगदूमकडे शाळू, हुलगे, तासगावचे बेदाणे,
लाल आकड्यांचा काटा, सील शाबूत.
दोन मिनिटांत काम होतं, मग चहा येतो.
मी घेत नाही. कोंडिबा दोन्ही पितो.

आत जावं तसा उजेड हिरवा होत जातो.
चन्नव्वा पहाटेच्या गाडीनं आलेली,
पुढ्यात अंबाडी, घोळ, चाकवत.
"इल्ला साहेब, आमचं मुठीचं माप.
मुठीवर मारा ठसा," म्हणते
आणि खरंच मूठ पुढं करते.
शेजारी एकजण एक्सरेचं पाकीट काखेत धरून
दोनच मोसंब्यांचा भाव
तिसऱ्यांदा विचारतो.
मोसंबीवाला तिसऱ्यांदा सांगतो, तेवढ्याच हळू आवाजात.

जैतुनबी बागवान शेवटच्या ओट्यावर.
दोरीचा तराजू, एका पारड्याला तारेचं ठिगळ,
किलोचं बिडाचं वजन, षटकोनी होतं कधीकाळी.
माझ्या काट्यावर ठेवलं.
अकरा ग्रॅम कमी.

"लोखंड बी खाल्लं का काय गिऱ्हाइकांनी?"
ती विचारते, मला नाही, वांग्यांना.

वजन उलटं केलं.
बुडाच्या खळगीत शिसं, शिशावर ठसे,
एकाच्या डोक्यावर दुसरा,
गावातल्या भिंतीवर निवडणुकांचे असतात तसे.
सगळ्यांच्या खाली एक वाकडा, फार खोल.
तो माझा.
पहिली नेमणूक, पहिला आठवडा,
हातोडी अर्धी शिशावर, अर्धी अंगठ्यावर.
म्हातारी सासू गल्ल्यावर होती तेव्हा,
आणि तिच्या मागं बसलेल्या नव्या सुनेनं
न बोलता हळदीची चिमूट पुढं केली होती.
महिनाभर नख काळं होतं, बोट पिवळं.

तिला आठवत असेल का, विचारलं नाही.
नियम नियम असतो.
मी लिहिलं : त्रुटी अकरा ग्रॅम, वजन जप्त.
तिनं सही केली, उर्दूत, उजवीकडून,
माझ्या रकान्याला आडवी.
कोंडिबानं वजन पोत्यात टाकलं. आवाज झाला.
तिनं शेजारणीला हाक मारून किलो उसना घेतला
आणि मला म्हणाली, "आता काय घेनार?"

मी काही घेत नसतो.
"अर्धा किलो वांगी," मी म्हणालो.
अर्ध्याचं वजन निघेना,
मग तिनं किलोच तोलली.
कृष्णाकाठची, पांढरट, देठाला काटे.
पारडं टेकलं. ती थांबली नाही.
एक वांगं, अजून एक बारकं,
मूठभर मिरच्या, कढीपत्त्याची काडी.
"ह्ये लिहू नगा," म्हणाली.
लिहिणार कुठं, छापील रकाने सात आहेत.

पिशवी नव्हती. रुमालात बांधली.
चौकात आलो तर कापडातून एक काटा
नेमका त्याच अंगठ्यात शिरला.
भर बाजारात, खिशाला बिल्ला लावून,
मी तो दातांनी काढत होतो.
कोंडिबा पोतं खांद्यावर घेऊन
वरच्या घड्याळाकडे बघत राहिला,
जणू त्याला खरंच वेळ हवी होती.